जुनी जिप्सी ठेवावी की जिम्नी घ्यावी? जुन्या आणि नव्या फोर-बाय-फोर गाड्यांविषयी

घाटवाट

नमस्कार. इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या दारात २००३ सालची मारुती जिप्सी उभी असते. काकांनी ती नवी घेतली होती आणि गेली अकरा वर्षे ती मी चालवतो आहे. पावसाळ्यात चोरल, काजलीगढ, जानापाव, जाम गेट अशी आमची ठरलेली भटकंती असते आणि त्यातली एकही वाट तिने आजवर अर्ध्यावर सोडलेली नाही. तरीही यंदा घरात विषय निघाला आहे की ती विकून मारुतीचीच जिम्नी घ्यावी. धाकट्या भावाचे म्हणणे असे की पैसे घालायचेच असतील तर महिंद्राची थारच घ्यावी.

मित्रांच्या कृपेने या दोन्ही गाड्या मी चालवून पाहिल्या आणि आकडेही मांडून पाहिले. जिप्सी आपल्याकडे १९८५च्या डिसेंबरात आली तेव्हा तिला ९७० सीसीचे इंजिन होते. १९९६ साली जिप्सी किंगबरोबर १.३ लिटरचे इंजिन आले आणि २००० साली त्यालाच सोळा व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनने इंधन सोडण्याची पद्धत, मिळून ताकद ८० बीएचपीवर गेली. माझी गाडी या शेवटच्या पिढीतली आहे. जून २०२३मध्ये आलेल्या पाचदारी जिम्नीचे इंजिन १.५ लिटरचे, १०३ बीएचपीचे आहे. जमिनीपासूनची उंची दोघींची २१० मिलिमीटर, दोघींना लॅडर फ्रेमची, म्हणजे शिडीसारख्या सांगाड्याची चासी, दोघींना पुढे-मागे दोन्ही चाके जोडणारा अखंड ॲक्सल आणि दोघींना लो रेंजचा, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ देणाऱ्या गिअरचा वेगळा दांडा. फरक म्हणावा तर जिप्सीला चारही बाजूंना लोखंडी पट्ट्यांच्या कमानी, म्हणजे पाटे आहेत आणि जिम्नीला कॉइल स्प्रिंग. मात्र जिप्सी बंद झाली तेव्हा तिची शोरूमची किंमत सहा-साडेसहा लाख होती, आणि जिम्नीची सुरुवातच १२ लाख ७४ हजारांपासून झाली.

तेव्हा माझा प्रश्न एवढाच आहे की हे दुपटीचे पैसे नेमके कशाचे? घाटात तरी मला जिम्नीने माझ्या गाडीपेक्षा निराळे असे काही करून दाखवलेले नाही. ‘जुनं ते सोनं’ छापाची उत्तरे कृपया नकोत, ती मला स्वतःलाच भरपूर सुचतात.

कमानीपाटे

दादा, सोन्याचे राहू द्या, माझा अनुभव लोखंडाचा आहे. माझ्याकडे २०१६ची थार आहे, म्हणजे २०१०मध्ये आलेली जुनी सीआरडीई, अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाची. २०१५च्या बदलानंतर तिच्या मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या गड्ड्याला, दोन्ही चाके एकत्र फिरवणारे यांत्रिक कुलूप येऊ लागले, तेच माझ्या गाडीत आहे. १०५ बीएचपी ताकद आणि २४७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, हे आकडे आजच्या थारच्या १३० आणि ३००च्या शेजारी बापुडवाणे दिसतात. पण जुन्या थारमध्ये जे काही बिघडते ते आमच्या मिस्त्रीला डोळ्यांनी दिसते. पाटा तुटला तर तो तुटलेला दिसतो, पाटा अडकवणाऱ्या शॅकलचा बुश गेला तर गाडी कुरकुरून सांगते, आणि क्लच जायला आला की महिनाभर आधी पायाला कळते.

घरात दुसरी नवी गाडीही आहे; कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण विषय तो नव्हे. मागच्या श्रावणात तिच्या चाकाजवळच्या सेन्सरची वायर चिखलाने ओढली गेली आणि पटलावर एकदम चार दिवे लागले. गाडी ठणठणीत चालत होती. पण लो रेंज लागेना, कारण संगणकाला चाकांचा वेग समजत नव्हता. वर्कशॉपमध्ये ती नऊ दिवस पडून होती, त्यातले आठ दिवस सुटा भाग येण्यात गेले. हीच वायर जुन्या थारची तुटली असती तर, असा विचार करू लागलो आणि लक्षात आले की तिला ही वायरच नाही.

नर्मदाकाठ

कमानीपाटे दादांच्या पोस्टमधले शेवटचे वाक्य गमतीचे वाटते, पण त्यातच माझा आक्षेप आहे. ती वायर एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची असते. जुन्या गाडीला ती नाही याचा अर्थ ओल्या रस्त्यावर चाके जाम होऊन गाडी सरळ घसरत जाणार, हाही आहे.

मी २०२१ची डिझेल ऑटोमॅटिक थार चालवते. माहेर महेश्वरचे, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी महूवरून जाम गेटचा घाट उतरून निमाडात जाणे होते. याआधी सात वर्षे आमच्याकडे जुनी थार होती आणि तीही मीच चालवायची. तिच्या मागच्या बाजूला समोरासमोर दोन बाकडी होती, बसणाऱ्याचे डोके छताच्या कांबीला लागायचे आणि एअरबॅगचा प्रश्नच नव्हता. मुलगा लहान असताना त्याला त्या बाकावर बसवून मी घाट उतरले आहे, आणि आज ते आठवले की माझाच मला राग येतो. नवी थार २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली आणि त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत तिला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी चार-चार तारे मिळाले. आसने पुढे तोंड करून आहेत, दोन एअरबॅग आहेत, घसरण सावरणारी यंत्रणा आहे आणि उतारावर ब्रेकला पाय न लावता गाडी स्वतः वेग धरून उतरते.

घाटवाट दादा, तुमचा प्रश्न ‘घाटात जिम्नीने निराळे काय केले’ असा आहे. माझ्या मते जागाच चुकीची निवडली आहे. आपल्या सहलीत खरा चिखल दोन किलोमीटरांचा असतो आणि तिथवर जाण्यायेण्याचा डांबरी रस्ता शंभर किलोमीटरांचा. जास्तीचे पैसे आपण त्या शंभर किलोमीटरांचे मोजतो. अंधारात, पावसात, समोरून येणाऱ्या डंपरच्या उजेडात तुमची जिप्सी काय करते, ते लिहावे.

पीथमपूरकर

नर्मदाकाठ ताईंचा मुद्दा मला मान्य आहे, पण चिखलातही जुन्या-नव्यांत फरक आहेच आणि तो आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही. मी पीथमपूरला सुट्या भागांच्या धंद्यात आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. ज्यांना यंत्राचा कंटाळा असेल त्यांनी ही पोस्ट ओलांडून पुढे जावे.

जमिनीपासूनची उंची हा आकडा फसवा आहे. अखंड ॲक्सलच्या गाडीत डिफरन्शियलचा गड्डा चाकांबरोबर वरखाली होतो, म्हणून गाडी कितीही दबली तरी त्या गड्ड्याखालची जागा तेवढीच राहते. पुढची चाके स्वतंत्र असलेल्या गाडीत, म्हणजे जुन्या आणि नव्या दोन्ही थारमध्ये, पुढचा गड्डा चासीला जोडलेला असतो. त्यामुळे स्प्रिंग दबली की तो दगडाच्या जवळ येतो. नव्या थारची उंची २२६ मिलिमीटर लिहिलेली असली तरी वेगात खड्ड्यात गेलेल्या पुढच्या बाजूला ती तेवढी उरत नाही. उलट स्वतंत्र चाकांमुळे ती महामार्गावर नांगरासारखी हलत नाही, हा फायदा ताईंच्या त्या शंभर किलोमीटरांत मिळतो.

आता कुलुपाचे. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की जे चाक मोकळे फिरू शकते त्यालाच तो ताकद देतो. जिप्सीला पुढे-मागे असे साधेच डिफरन्शियल आहेत. म्हणून आडव्या नाल्यात तिरकी गेल्यावर समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाके उचलली गेली की ती हवेत गरगरतात आणि जमिनीवरची दोन स्वस्थ बसतात. जिम्नी अशा वेळी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते आणि ताकद पलीकडे ढकलते. जुन्या थारचे कुलूप दोन्ही चाकांच्या वेगात ठराविक फरक पडला की आपोआप लागते. नव्या थारच्या सगळ्याच प्रकारांत ते येत नाही, म्हणून घेणाऱ्याने आधी विचारून घ्यावे. तसेच थार म्हणजे फोर-बाय-फोर असे समजून कुणी फसू नये, कारण जानेवारी २०२३पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळते, आणि पाचदारी थार रॉक्समध्ये फोर-बाय-फोर केवळ डिझेलला आहे.

या सगळ्यांत खरा हट्टी प्राणी म्हणजे आमच्या गावात तयार होणारी फोर्स कंपनीची गुरखा. हिला पुढे आणि मागे दोन्हीकडे हाताने लावायची कुलुपे पूर्वीही होती आणि आजही आहेत. २०२१च्या गुरखाला २.६ लिटरचे मर्सिडीजच्या घराण्यातले ९० बीएचपीचे इंजिन होते आणि किंमत १३ लाख ५९ हजार होती. २०२४मध्ये ताकद १३८ बीएचपीवर, टॉर्क ३२० न्यूटन-मीटरवर आणि तीनदारी गाडीची किंमत १६ लाख ७५ हजारांवर गेली. दोन्ही पिढ्या मी चढावर चालवल्या आहेत. जुनी गुरखा जिथे चढते तिथे नवीही चढते, जिथे जुनी अडकते तिथे नवीही बहुधा अडकेल. फरक एबी रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गावर, ट्रक ओलांडताना पडतो. तेव्हा यातही ताईच बरोबर ठरतात, हे मला लिहिता लिहिता लक्षात आले.

देवासनाका

फक्त कागदपत्रांपुरते लिहितो. दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली परिसरापुरती आहे, ती इंदूरला लागू नाही. पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. खासगी मोटारीचे हे शुल्क एप्रिल २०२२पासून ६००वरून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५च्या बदलानंतर वीस वर्षांपुढच्या मोटारीला १०,००० रुपये पडतात. २००३ची जिप्सी या दुसऱ्या गटात येते. पुढची मुदत २०२८ची असेल तर आतापासून पैसे बाजूला ठेवा.

काळीमाती

आमची शेती सांवेरकडे आहे, त्यामुळे पीथमपूरकर साहेबांच्या कुलुपांविषयी मला आदर असला तरी भीती नाही. माळव्याच्या काळ्या मातीत कुलूप उघडे काय आणि बंद काय, सारखेच. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत अशी बसते की चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. मग ताकद कितीही द्या, गाडी जागच्या जागी लोणी घुसळते. दगडावर आणि वाळूवर हवा कमी करून टायर पसरवतात, ते खरे आहे. इथे मात्र पसरलेला टायर वरच्या थरावर तरंगतो आणि घसरतो. अरुंद टायर, रुंद खाचा आणि हलकी गाडी असेल तर चाक तो थर कापून खालच्या मुरुमाला लागण्याची काही आशा असते. जिम्नीचे टायर १९५ रुंदीचे आहेत, वरच्या प्रकारातल्या थारचे २५५. जिप्सी एक टनाच्या आसपास, जिम्नी सव्वा टनाच्या जरा आत आणि थार पावणेदोन टन. हिशेब तुम्हीच करा.

आमच्या बांधावर जुनी-नवी सगळी वाहने ट्रॅक्टरने ओढून काढण्यात येतात, त्यात भेदभाव केला जात नाही.

कमानीपाटे

घाटवाट दादा, इतके लिहून झाले आहे तर एकदा चारही गाड्या एकाच दिवशी एकाच ठिकाणी नेऊ. चोरलजवळ माझ्या परिचितांचे शेत आहे, त्यात आडवा नालाही आहे आणि काळी मातीही. वनखात्याच्या हद्दीत शिरण्याचा प्रश्न येणार नाही. जिम्नी कुणाची मिळेल?

घाटवाट

ठरल्याप्रमाणे परवाच्या रविवारी आम्ही जाऊन आलो. माझी जिप्सी, एका मित्राची जिम्नी, कमानीपाटे यांची जुनी थार आणि नर्मदाकाठ ताईंची नवी थार अशा चार गाड्या होत्या. आदल्या रात्री पाऊस झाला होता. सकाळी सहाला पोहे बांधून निघालो आणि सिमरोलवरून साडेसातला शेतावर पोहोचलो.

प्रथम नाला. मला उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधले खटके, म्हणजे हब, हाताने फिरवावे लागले, कारण त्याशिवाय माझ्या गाडीची पुढची चाके जुंपली जात नाहीत. डाव्या हबवर चिखलाचा गोळा बसला होता, तो नखांनी खरवडून खटका ‘लॉक’वर आणेपर्यंत जिम्नीचा मालक आत बसून थर्मासमधला चहा पीत होता. लो रेंज टाकून तिरका उतरलो आणि पीथमपूरकर यांनी लिहिले होते तेच घडले. पुढचे उजवे आणि मागचे डावे चाक उचलले गेले आणि दोन्ही फिरत राहिली. थोडे मागे घेऊन वेगात तोंड दिले तेव्हा तिसऱ्या खेपेला गाडी उडी मारून वर आली. पण ती उडी होती, चढणे नव्हे, आणि मागे ठेवलेला पोह्यांचा डबा उघडला. त्याच जागी जिम्नीची चाके क्षणभर फिरली, खालून ब्रेकचा कर्रकर्र असा आवाज आला आणि ती हळूहळू वर सरकली. जुन्या थारमधून खट् असा एकच आवाज आला आणि ती मागून कुणी ढकलल्यासारखी निघाली. नवी थार इतक्या शांतपणे गेली की ताईंना परत जाऊन दाखवायला सांगितले. माझ्या गाडीने आजवर एकही वाट सोडली नाही हे मी वर लिहिले होते. त्याचे खरे कारण असे असावे की मीच तिला अशा जागी कधी नेले नव्हते.

काळ्या मातीत पारडे फिरले. बांधापासून विहिरीपर्यंत साधारण साठ पावलांचा पट्टा होता. जिप्सी दुसऱ्या गिअरमध्ये न थांबता गेली आणि परत आली, तिच्या मागोमाग जिम्नीही. जुनी थार कुथत, वाकडी होत, पण गेली. नवी थार वीस पावलांवर थांबली. चारही टायर एकसारखे काळे आणि गुळगुळीत झाले होते, आणि चाकांच्या वरच्या कमानींत इतकी माती भरली होती की खुरपीने काढताना ती विळीवर कापल्यासारखी निघत होती. शेवटी शेतमालकांचा ट्रॅक्टर आला. काळीमाती हजर नव्हते, त्यांना हे वर्णन अर्पण.

आता ताईंनी विचारलेल्या शंभर किलोमीटरांविषयी, ज्याचे उत्तर देणे मी टाळत होतो. परतताना भेरूघाटात अंधार पडला आणि पाऊस लागला. माझ्या पुढे ट्रक होता, मागे मोटारींची रांग. वळणावर ट्रक एकदम थांबला. मी ब्रेक दाबला, पुढची चाके जाम झाली आणि गाडी स्टिअरिंगचे काही न ऐकता सरळ घसरत गेली. ट्रकच्या फळीपासून दोन हातांवर थांबली. मागून येणारी जिम्नी माझ्याच वेगात होती. ती ब्रेक थरथरवत, वळत, शिस्तीत थांबली. जिम्नीत सहा एअरबॅग आहेत. जिप्सीत माझ्या छातीसमोर स्टिअरिंगची दांडी आहे आणि बायकोच्या गुडघ्यांसमोर पत्रा. ती घरी पोहोचेपर्यंत काही बोलली नाही. जिने चढताना एवढेच म्हणाली, “काकांची गाडी आहे, विकू नकोस. पण मी यापुढे त्यात रात्री बसणार नाही.” २०१९पासूनच्या सुरक्षेच्या नियमांपुढे ही गाडी का टिकली नाही, ते मला त्या वळणावर कळले.

नर्मदाकाठ

सगळे सुखरूप आलात हे महत्त्वाचे. ट्रॅक्टरचा भाग जरा कमी रंगवला असता तरी चालले असते. त्या दिवसानंतर मी मड टायरचा एक जादा संच घेण्याचे ठरवले आहे, अरुंद मापाचा. तेवढा खर्च नव्या गाडीच्या किमतीत धरायला हवा, हे मान्य करते.

पीथमपूरकर

जिम्नीवाल्यांना एक विचारतो. त्या नाल्यात लागोपाठ चार-पाच वेळा नेली असती तर ब्रेक तापले असते, कारण कुलूप नसून तो ब्रेकच आहे आणि इंजिनाची काही ताकद तो खातो. एका खेपेला उत्तम, दिवसभराच्या कामाला नाही. बाकी या गाडीचे नशीब पाहा: आपल्याकडे ती शोरूममध्ये उभी राहते, आणि इथूनच जपानला गेलेल्या पाचदारीसाठी २०२५च्या सुरुवातीला चार दिवसांत पन्नास हजार मागण्या येऊन नोंदणी थांबवावी लागली.

घाटवाट

निर्णय झाला आहे. २०२३ची एक वापरलेली जिम्नी पाहिली आहे, मॅन्युअल, एकाच मालकाने वापरलेली. चासीखाली दगड लागल्याच्या खुणा नाहीत, म्हणजे मालकाने तिला नाला दाखवलेलाच नाही. घरची माणसे आणि रात्रीचा प्रवास तिच्यात. थारचा विचार भावावर सोडला आहे, त्याच्याकडे गाडी ठेवायला जागाही आहे. जिप्सी दारात राहील, दिवसा आणि चोरलच्या पलीकडे न जाता. देवासनाका यांच्या सल्ल्याप्रमाणे दहा हजार रुपये वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत.

रविवारच्या चिखलाने डाव्या हबच्या आत पाणी गेले आहे आणि ग्रीस दुधासारखे पांढरे झाले आहे. त्याचे रबरी सील नवे मिळत नाही. कुणाकडे जिप्सीचा जुना हब पडून असेल तर कृपया कळवावे, न्यायला मी स्वतः येईन.